पाय जवळ, गुडघे सैल: डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा घरचा व्यायाम

डाऊन सिंड्रोम असलेल्या तान्ह्या बाळाला बगलेत धरून उचललं की ते हातातून निसटतंय असं वाटतं. खांदे कानांपर्यंत वर जातात, पाय फाकून लोंबतात, मान मागे कलंडते. फिजिओथेरपिस्ट याला लो टोन, म्हणजे स्नायूंचा ढिलेपणा, म्हणतात. पण टोन हे चार कारणांपैकी एक. सांधे बांधून ठेवणारे लिगामेंट सैल असतात, स्नायूंत ताकद कमी असते आणि धडाच्या मानाने हातपाय आखूड असतात. टोन वयाबरोबर थोडा सुधारतो. हातपाय धडाच्या मानाने आखूडच राहतात. ताकद मात्र सरावाने नक्की वाढते, आणि सैल सांधे सांभाळायला हीच ताकद कामी येते.

मूल हुशार असतं. स्नायू साथ देत नाहीत म्हटल्यावर ते पडू नये म्हणून स्वतःच युक्त्या शोधतं. पाय लांब फाकवतं, पावलं बाहेर वळवतं, गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे घट्ट करतं, पाठीची कमान करून पोट पुढे सोडतं. या युक्त्यांनी ते उभं राहतं, चालतंही. पण त्याच सवयी घेऊन दहा वर्षांचं झालं की तळवे सपाट पडलेले असतात, गुडघे दुखतात, पळता येत नाही, जिना नकोसा होतो. मूल दोन महिने आधी चालावं म्हणून धडपडण्यापेक्षा ते पाय जवळ ठेवून, गुडघे किंचित सैल ठेवून चालावं याकडे लक्ष द्या. खालचे सगळे व्यायाम त्यासाठीच आहेत.

वेळेचा अंदाज असावा म्हणून सांगायचं तर ही मुलं साधारण ९ ते ११ महिन्यांच्या आसपास आधाराशिवाय बसतात आणि दोन वर्षांच्या आसपास चालायला लागतात. पण पहिलं पाऊल काहींचं १३व्या महिन्यात पडतं, काहींचं चौथ्या वर्षी. शेजारच्या घरातल्या बाळाशी तुलना करू नका, डाऊन सिंड्रोम असलेल्या दुसऱ्या बाळाशीही नको.

आधी डॉक्टरांकडून होकार

यातल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. जन्मानंतर टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला नसेल तर आधी तो करून घ्या. बाहेरून बाळ छान दिसतं यावर विसंबू नका. दूध पिताना घाम येणं, दमून मध्येच सोडणं, ओठ निळसर दिसणं ही लक्षणं असतील तर व्यायाम थांबवून कार्डिओलॉजिस्टला विचारा. ऑपरेशन झालं असेल तर छातीचं हाड जुळेपर्यंत, बहुधा ६ ते ८ आठवडे, बाळाला बगलेत धरून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली घालून ताटासारखं उचला. पोटावर कधी झोपवायचं ते सर्जनच सांगतील.

थायरॉइडची तपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि मग दरवर्षी करायची असते. थायरॉइड कमी असेल तर मूल आधीपेक्षा सुस्त होतं, वजन वाढतं आणि घरचे समजतात की ते आळशी झालंय. कान आणि डोळे यांकडेही असंच दुर्लक्ष होतं. या मुलांच्या कानात वारंवार पाणी साठतं, त्याने तोलही बिघडतो. नजर कमी असेल तर पायरीची कड दिसत नाही आणि मूल घाबरून बसकण मारतं.

मानेबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. ते वाचल्याशिवाय कोलांटउडी, शीर्षासन, मल्लखांब यांच्या वाटेला जाऊ नका.

मालिशवाल्या मावशींना काय सांगायचं

मुंबईत बाळंतिणीच्या घरी मालिशवाली बाई येते, आणि तिच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय असते: पाय ओढायचे, पावलं कपाळाला लावायची, हात-पाय तिरके ओढून आवळायचे, शेवटी पाय धरून बाळाला उलटं लोंबकळवायचं. कुठल्याच बाळाला उलटं करू नये, आणि सैल सांध्यांच्या बाळाला तर हे धोक्याचं. खुबा निखळू शकतो, मानेला हिसका बसू शकतो. हे बाळ मऊ असल्याने हवं तसं वळतं, रडतही नाही, म्हणून बाईंनाही कळत नाही की आपण मर्यादा ओलांडली.

मालिश चालू ठेवा, त्याने बाळ जागं होतं, स्पर्श ओळखायला लागतं. फक्त पहिल्याच दिवशी समोर बसून सांगा: मावशी, ओढायचं नाही, फाकवायचं नाही, उलटं करायचं नाही. तेल लावून जरा जोरकस हाताने हातापायांवरून वर-खाली चोळायचं, तळवे-पंजे दाबायचे, बस्स. पायावर घेऊन अंघोळ घालताना मान कायम हाताच्या आधारावर.

कडेवर घेण्याची आपली पद्धत म्हणजे पाय फाकवून कमरेवर बसवणं. याचे पाय आधीच बेडकासारखे बाहेर पडतात, त्यात दिवसभर तेच झालं की मांड्यांच्या आतले स्नायू कामच करत नाहीत. त्याची पाठ तुमच्या छातीला टेकवा, तोंड समोर, आणि एक हात दोन्ही मांड्यांखालून घालून गुडघे एकमेकांजवळ आणा. उलट टोक म्हणजे दुपट्यात पाय सरळ करून घट्ट आवळणं. तेही खुब्याला वाईट. बाळ जागं असताना पाठीवर झोपलेलं असेल तर दोन नॅपकिनच्या गुंडाळ्या मांड्यांच्या बाहेरून लावा, गुडघे छताकडे राहतील. झोपताना मात्र त्या काढायच्या.

झोळीत बाळ शांत राहतं हे खरं. पण झोळीत पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते आणि हलायला जागाच नसते. जागेपणीचा वेळ जमिनीवर, सतरंजीवर जायला हवा.

पोटावर

घरी आल्यापासून सुरू करा, जागेपणी आणि कोणी समोर असताना. एकदम दहा मिनिटं ठेवलंत तर रडारड होईल आणि घरातले सगळे म्हणतील, नको त्याला त्रास. एक-दोन मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा, लंगोट बदलल्यावर. दूध पाजल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत तुकड्यातुकड्यांनी दिवसाचा एक तास भरला तर उत्तम.

छातीखाली नॅपकिनची गुंडाळी ठेवा, मनगटाएवढी जाड. कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली आणा. इथे सगळ्यांची एकच चूक होते: कोपरं बाजूला पसरलेली राहतात, मग बाळ डोकं उचलायला धडपडतं आणि चटईवर नाक घासतं. दुसरा हात त्याच्या कुल्ल्यांवर ठेवून हलकंसं पायांच्या दिशेने दाबा. तिथे वजन मिळालं की डोकं वर येतं. समोर घासून लख्ख केलेलं स्टीलचं ताट भिंतीला टेकवून उभं करा, त्यात स्वतःचा चेहरा बघायला मुलं मान वर धरून ठेवतात. तरी रडत असेल तर तुम्ही लोडाला टेकून अर्धवट पडा आणि त्याला छातीवर पालथं घ्या. तोही पोटावरचाच वेळ.

बसणं, आणि बसण्यापर्यंत पोचणं

बाळाला उशांच्या घेऱ्यात बसवून ठेवण्याने ते बसायला शिकत नाही. ते उशीवर रेलतं, पाठ कमानीसारखी गोल होते, पोटाचे आणि पाठीचे स्नायू झोपून राहतात. बाजारात मिळणाऱ्या खोलगट प्लास्टिकच्या बैठकींचंही तेच.

तुमचे हात हाच आधार, आणि तो हळूहळू खाली सरकवायचा. आधी बगलेच्या खाली छातीवर, मग खालच्या बरगड्यांवर, मग कमरेच्या हाडावर. कमरेवर धरताना अंगठे मागे ठेवून कंबर सरळ उभी करा. कंबर मागे कलली की वरचं सगळं कोसळतं. या मुलांचे हात आखूड, त्यामुळे इतर बाळांसारखा बाजूला हात टेकवून तोल धरायला गेलं तर हात जमिनीपर्यंत पोचतच नाही, पोचवायचा तर वाकावं लागतं. म्हणून समोर देवघरातला पाट किंवा उलटी ठेवलेली परात द्या आणि त्यावर तळवे टेकवू द्या. पाठ सरळ राहायला लागली की पाट काढा.

एक चूक नीट ओळखा. पोटावर असलेलं मूल दोन्ही पाय बाजूला पूर्ण फाकवतं, अगदी सरळ रेषेत, आणि हातांनी मागे ढकलत मधूनच बसतं होतं. बघणाऱ्याला कौतुक वाटतं, केवढा लवचीक आहे! पण ही हालचाल सवयीची झाली की खुबे आणखी सैल होतात आणि कुशीवरून उठताना जे पोटाचे तिरके स्नायू वापरले जायला हवेत ते वापरलेच जात नाहीत. पाय फाकायला लागताच एक गुडघा हाताने आत आणा, त्याला कुशीवर वळवा, वरच्या कुल्ल्यावर तळवा ठेवून खाली आणि मागे दाबा, आणि थांबा. तो कोपरावर येईल, मग हातावर, मग बसेल. उजवीकडून पाच वेळा, डावीकडून पाच वेळा. पहिले पंधरा दिवस सगळं काम तुम्हीच करताय असं वाटेल. मग एक दिवस कोपर स्वतःहून खाली जाईल.

पाय इंग्रजी डब्ल्यूसारखे मागे टाकून बसणंही थांबवा. दर वेळी ओरडण्यापेक्षा त्याला छोट्या स्टुलावर किंवा मांडी घालून बसवा; मांडी घातली तरी पाठ ताठ राहतेय ना तेवढं बघा.

रांगताना

आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर गुडघे बाहेर घसरतात. सतरंजी किंवा योगा मॅट अंथरा. तुमची मांडी जमिनीवर आडवी ठेवा, त्यावर त्याचं पोट, पलीकडे हात आणि अलीकडे गुडघे. तुम्ही मांडी थोडी वर-खाली केलीत की तळव्यांवर वजन येतं. पाय फारच फाकत असतील तर जुन्या लेगिंग्जच्या दोन्ही पायांची आतली बाजू वरून गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत एकत्र शिवून टाका. मांड्या जवळ राहतात, गुडघे मात्र मोकळे. किती शिवायचं ते फिजिओला दाखवून घ्या, आणि हे कपडे फक्त सरावाच्या वेळी, नजरेसमोर. काही मुलं रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकतात. त्याचा बाऊ करू नका, पण मांडीवरचा सराव सोडू नका. खांदे आणि तळव्यांना तो लागतोच, पुढे लिहिण्यासाठीसुद्धा.

पाटावरून उठणं

सगळ्यात जास्त वेळ या एका व्यायामाला द्या. घरात एकच करता येणार असेल तर हाच करा.

बैठकीची उंची अशी हवी की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघा काटकोनात येईल. बाजारातला सगळ्यात छोटा स्टूलही या मुलांना बहुतेकदा उंच पडतो. रद्दीचे गठ्ठे एकावर एक रचून पॅकिंगच्या टेपने घट्ट गुंडाळा, वर जुनी चादर शिवा; पाच-सहा इंचांपासून सुरू करा आणि मूल वाढेल तसा गठ्ठा वाढवा. तो हलत नाही ना ते आधी दाबून बघा.

मुलाला त्यावर बसवा, अनवाणी. पावलांमधलं अंतर कुल्ल्यांइतकं, त्याहून जास्त नाही, बोटं समोर. तुम्ही त्याच्या समोर जमिनीवर बसा. समोर खुर्चीवर, त्याच्या छातीएवढ्या उंचीवर, त्याची आवडती वस्तू. आता हात धरून वर ओढू नका. ओढलं की मूल पाय ताठ करतं, गुडघ्यांना कुलूप लागतं आणि तुम्ही फक्त एक वजन उचललेलं असतं. त्याऐवजी तळवे त्याच्या गुडघ्यांवर ठेवा, गुडघे थोडे पुढे आणि खाली, पावलांच्या दिशेने दाबा. नाक पायाच्या बोटांच्या पुढे यायला हवं. ते आलं की कुल्ले आपोआप उचलले जातात. वर आल्यावर एक, दोन, तीन मोजा. मग हळूच बसवा. हे बसणं उठण्याइतकंच महत्त्वाचं. धपकन बसत असेल तर गठ्ठा उंच करा आणि कमरेला हलका आधार द्या. पाच वेळा उठ-बस झाली की थांबा, दिवसातून तीनदा करा. महिन्याभरात आठ-दहापर्यंत जाईल.

उभं असताना गुडघे मागे कलतात का ते बाजूने बघा. कलत असतील तर गुडघ्यामागे दोन बोटांनी हलकं टोचा आणि म्हणा, सैल. तीच वस्तू जरा डावीकडे-उजवीकडे ठेवा, म्हणजे वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाईल. सोफ्याच्या कडेला धरून आडवं चालणं इथूनच सुरू होतं.

चालणं, आणि पायात काय घालायचं

चाकांचा वॉकर आणू नका, कोणी भेट दिला तरी. मूल त्यात बसून चवड्यांनी ढकलतं, तोल शिकत नाही आणि जिन्यावरून पडण्याचा धोका असतो. ढकलत चालायचं असेल तर प्लास्टिकची खुर्ची उलटी करून तिच्यात तांदळाच्या पाच किलोच्या दोन पिशव्या टाका. वजन असलं की खुर्ची पुढे पळत नाही.

हात धरताना त्याचे हात खांद्याच्या खालीच राहू द्या. डोक्यावर हात वर करून चालवलं की मूल लोंबकळतं, छाती पुढे जाते, पाय मागे राहतात. एक सोपा उपाय: लाटण्याची दोन टोकं त्याच्या हातात द्या आणि मधलं तुम्ही धरा. आठवड्याभराने लाटण्याऐवजी ओढणी द्या. आधार आहे असं त्याला वाटतं, पण तोल त्यालाच सांभाळावा लागतो.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतः बसू लागलेल्या बाळांना आईवडिलांनी घरी छोट्या ट्रेडमिलवर आधार देऊन दिवसाला ८ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस पावलं टाकायला लावलं होतं. ही बाळं इतरांपेक्षा सुमारे १०० दिवस आधी चालली. पण त्या पट्ट्याचा वेग होता सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर. सोसायटीच्या जिममधल्या मशीनवर मुलाला उभं करणं म्हणजे हा प्रयोग नव्हे. एखाद्या थेरपी केंद्रात अशी सोय असेल आणि थेरपिस्ट सोबत असेल तरच करा. आपण त्यातून घ्यायचं ते एवढंच: थोडं, पण रोज.

घरात अनवाणी ठेवा. बाहेरचे बूट असे घ्या की टाच घट्ट बसेल आणि पुढचा भाग हाताने सहज वाकेल. दोन्ही टोकं धरून बूट पिळवटून बघा, मध्ये दुमडला तर तो घेऊ नका. घोट्यापर्यंतचे जड, कडक बूट पायाला कामच करू देत नाहीत. उभं राहिल्यावर घोटा आत कलंडत असेल तर पातळ प्लास्टिकची ऑर्थोसिस, म्हणजे पावलाला आणि घोट्याला आधार देणारी पट्टी, लागू शकते, ती मापाने बनवून घ्यावी लागते आणि पाय वाढला की बदलावी लागते. लाल वळ पडून वीस-तीस मिनिटांत गेले नाहीत तर ती टोचते आहे. पावसाळ्यात चपला नकोत, मागून पट्टा असलेले सँडल द्या.

जिना

चाळीतला असो की इमारतीतला, जिना फुकटची व्यायामशाळा आहे. अडचण एकच, पायरी या मुलांच्या पायांना उंच. म्हणून आधी घरात दोन-तीन इंचांचा पाट, मग फुटपाथची कड, मग जिना. चढताना तुम्ही मागे, उतरताना एक पायरी खाली, त्याच्याकडे तोंड करून. कठडा एका हाताने. दोन्ही हातांनी कठडा धरून आडवं उतरण्याची सवय लागली की ती सुटत नाही. उतरणं चढण्यापेक्षा अवघड, कारण गुडघा वाकवून धरून ठेवावा लागतो. दर वेळी शेवटच्या तीनच पायऱ्या उतरवा, मग पाच. लिफ्ट आहे म्हणून पूर्ण टाळू नका. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट सोडून एक मजला चालत या.

उड्या, पळापळ आणि मान

चालता आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि थेरपी बंद होते. खरं तर ताकद आणि तोल कमावण्याची वर्षं इथून पुढे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, अपंगत्व असलेल्यांसाठीही, दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल सांगितली आहे. तुकड्यांनी चालते.

तळ्यात-मळ्यात यासारखा खेळ नाही. खडूने रेघ मारा. आधी नुसतं रेघ ओलांडून चाला, मग दोन्ही हात धरून गुडघे वाकवा आणि "मळ्यात" म्हणताच उडी. पहिले कित्येक दिवस टाचाच उचलतील, पाय हवेत जाणारच नाहीत. तरी तेच बरोबर आहे. पायरीवरून खाली उतरून दोन पाय जोडणं ही त्याआधीची पायरी. लंगडी याच्या खूप नंतर. आधी भिंतीला एक बोट टेकवून तीन सेकंद एका पायावर. समुद्रकाठची भुसभुशीत वाळूही उत्तम, दादर चौपाटीला किंवा जुहूला संध्याकाळी दहा मिनिटं अनवाणी चाललं तरी घोट्यांना भरपूर काम होतं. काचा नाहीत ना ते बघून.

पोहणं या मुलांना मानवतं, कारण पाणी वजन उचलून घेतं. सूर मारून उडी घेणं आणि बटरफ्लाय मात्र नको. दुचाकी सायकल जमते. परदेशातल्या एका अभ्यासात ५ दिवसांच्या खास शिकवणीनंतर ८ ते १५ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना ती स्वतः चालवता आली. घरी सुरुवात पेडल काढून टाकलेल्या, सीट खाली केलेल्या सायकलने करा.

आता मान. पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असण्याचं प्रमाण या मुलांत एक्स-रेवर दहा ते वीस टक्क्यांच्या घरात दिसतं, मज्जारज्जू दाबला जाऊन त्रास होणं एक-दोन टक्क्यांत. त्रास नसेल तर सरसकट एक्स-रेची गरज नसते, आणि तीन वर्षांच्या आत त्यावरून नीट कळतही नाही. पण कोलांटउडी, शीर्षासन, सर्वांगासन, मल्लखांबावरच्या उलट्या पकडी, कुस्ती, चेंडू डोक्याने मारणं हे टाळा. सहा वर्षांच्या आत ट्रॅम्पोलिन नको, मॉलमधलं जम्पिंगही. शाळेच्या योगा शिक्षकांना लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. घशाच्या किंवा कानाच्या ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा.

मान तिरकी धरणं, मान दुखणं, नीट चालणारं मूल अडखळायला लागणं, हातातली पकड जाणं, शू-शीचा ताबा असलेल्या मुलाचा ताबा सुटणं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ते हट्टीपणा करतंय असं समजून दोन दिवस वाट बघू नका.

हातांचं काम

हात लहान, बोटं आखूड, अंगठा छोटा आणि सैल. पकड बळकट होते ती खांदा आणि मनगट स्थिर झाल्यावर, म्हणून आधी भिंतीवर काम द्या. बाल्कनीच्या भिंतीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशने रंगवणं, दारावर खडूने रेघा. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं. पूर्ण पेन्सिल दिली तर मूल मुठीत धरतं; खडूचा एक इंचाचा तुकडा दिला तर मुठीत धरताच येत नाही, तीन बोटंच वापरावी लागतात.

बाकी सगळं स्वयंपाकघरात आहे. हिवाळ्यात मटार सोलायला बसवा. शेंगेची शिवण एका अंगठ्याने दाबायची, ती फट् करून उघडते, मग अंगठा आतून सरकवत दाणे वाटीत पाडायचे. दोन्ही हात वेगवेगळं काम करतात, अंगठ्याला जोर लागतो आणि शेवटी वाटी भरलेली दिसते. सुरुवातीला शेंगेचं टोक तुम्ही मोडून द्या. लिंबाएवढा कणकेचा गोळा मळायला द्या. सैल कणीक बोटांना चिकटते आणि मूल वैतागतं, म्हणून पुरीसारखी घट्ट. रुमाल पिळणं, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढणं-लावणं (नवे चिमटे कडक असतात, जुने शोधा), स्वतःचा डबा उघडणं. जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला मटार, चणे, मणी देऊ नका, घशात अडकतात.

रोजच्या धबडग्यात

वेगळा तास काढायला गेलात तर आठवड्यात मोडेल. लोकलने दोन तास ये-जा करणाऱ्या घरात तो निघत नाही. म्हणून व्यायाम कामांना बांधा: चड्डी घालताना पाच उठाबशा, दात घासताना एका पायावर, पाणी आणायला स्वयंपाकघरापर्यंत चालत.

ही मुलं ऐकण्यापेक्षा बघून लवकर शिकतात. एकदा करून दाखवा, दोन शब्दांत सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा. त्यांना वेळ लागतो. आपण चौथ्या सेकंदाला परत सांगतो, सहाव्याला हात धरतो आणि मूल शिकतं की थांबलं की कोणीतरी करून देतं. मूल गोड हसून, टाळ्या वाजवून किंवा आडवं पडून विषय बदलेल. त्यावर हसू नका, रागावूही नका. काम सोपं करा, एकदा पूर्ण करून घ्या आणि सोडा. दमलेल्या, भुकेल्या, सर्दी झालेल्या मुलाकडून त्या दिवशी निम्मंच घ्या. एप्रिल-मेमध्ये मैदानावर सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, दर पंधरा मिनिटांनी पाणी.

दर महिन्याच्या एकाच तारखेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, समोरून आणि बाजूने. पाय एकमेकांपासून किती लांब आहेत, गुडघा मागे जातो का, हे रोज बघणाऱ्याला दिसत नाही, व्हिडिओत दिसतं, आणि फिजिओला दहा मिनिटं सांगण्यापेक्षा ते दाखवणं बरं.

मुंबईत कुठे

परळचं केईएम आणि वाडिया, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर इथल्या बालरोग विभागातून फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीकडे (हातांची आणि रोजची कामं शिकवणारी थेरपी) पाठवलं जातं. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, ऑर्थोसिसची चौकशी तिथे करा. ऐकण्याची आणि बोलण्याची तपासणी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत होते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे, त्याची चौकशी अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात करता येते. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

सरकारी रुग्णालयात महिन्यातून एक-दोनच वेळा नंबर लागला तरी जा. त्या वीस मिनिटांत मुलाकडून व्यायाम करून घेण्याचा आग्रह धरू नका. स्वतःचे हात पुढे करा आणि थेरपिस्टला सांगा, मी करून दाखवते, माझं काय चुकतंय ते सांगा. आजी किंवा जे कोणी दिवसभर मुलाजवळ असतं त्यांनाही सोबत न्या.